विजेची मींड

लग्नसराईच्या दिवसांत भुसावळच्या रस्त्यानें वरात निघाली कीं बॅन्डच्या गाडीवर काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची एक पेटी दिसते. पेटी कोणत्याही कंपनीची असो, लोकांच्या तोंडीं तिचें नांव ‘कॅसिओ’च. सनई, ट्रम्पेट, व्हायोलिन असे आवाज तिच्यांत आधींच भरलेले असतात. बटण दाबावें आणि हवा तो आवाज काढावा. अशा पेटीवर हात बसलेल्या एखाद्या तरुणाला १९८० नंतरच्या पांचसात वर्षांतील विलायती ‘सिंथ-पॉप’ची, म्हणजे ह्यूमन लीग, डेपेश मोड, यूरिद्मिक्स या मंडळींच्या गाण्यांची गोडी लागते आणि तो त्यांतला आवाज आपल्या पेटींत शोधूं लागतो. तो तेथें सांपडत नाहीं. त्या आवाजांपैकीं बहुतेक कोणत्याही बटणाखालीं तयार ठेवलेले नव्हते. ते घडवावे लागत.

घडविण्याची ही रीत समजण्यास अवघड नाहीं. सिंथेसायझरचीं मुख्य अंगें तीन. पहिलें अंग ऑसिलेटर. त्यांत वीज ठराविक वेगानें हेलकावे घेते व त्यांतून स्वर निघतो. हेलकाव्याची आकृति करवतीच्या दात्यांसारखी असली तर नाद तिखट व भरीव येतो. चौकोनी असली तर क्लॅरिओनेटसारखा पोकळ येतो. दुसरें अंग फिल्टर, म्हणजे नादाची गाळणी. ती त्या तिखट नादांतील वरचीं कंपनें हवीं तितकीं काढून टाकते. नाद एकदम उठावा कीं हळूहळू, किती वेळ टिकावा आणि कसा विझावा, हें तिसरें अंग ठरवितें.

भुसावळकरांना याचा दाखला दूर शोधावयास नको. वाफेच्या इंजिनाचा फुसकारा आठवावा. त्यांत कोणताही एक स्वर नसतो. सर्व कंपनें एकदम असतात. सिंथेसायझरांत असा निव्वळ खळखळाट निराळा काढतां येतो. त्याला गाळणी लावून तो झटकन् उठविला व झटकन् विझविला, कीं टेबलावर इंजिन चालूं लागतें. जर्मनीच्या क्राफ्टवेर्क या मंडळींनीं १९७७ सालीं ‘ट्रान्स-युरोप एक्सप्रेस’ या तबकडींत आगगाडीची चाल यंत्रांतून अशीच उभी केली, आणि पुढील सिंथ-पॉपवाल्यांनीं त्यांच्यापासून पुष्कळ कांहीं उचललें.

त्या गाण्यांतील जाड, किंचित डोलणारा आवाज हवा असेल तर दोन ऑसिलेटर जवळजवळ एकाच स्वरांत लावावे, पण अगदीं तंतोतंत लावूं नयेत. तंबोऱ्याच्या जोडाच्या दोन तारा केसभर इकडेतिकडे झाल्या म्हणजे जी लहर उठते, तीच येथेंही उठते. तंबोरा लावणाऱ्याला ही लहर दोष वाटते. येथें मात्र ती मुद्दाम राखावयाची असते.

परंतु ही विद्या केवळ विलायतेंत पिकली असा जो समज आहे तो पुरता खरा नाहीं. मुंबईच्या सिनेमा-वाद्यवृंदांत कर्सी लॉर्ड यांच्यासारखे वादक मूग सिंथेसायझर वाजवीत होते. त्याच वाद्यवृंदांतील चरणजित सिंग यांनीं १९८२ सालीं तीन जपानी यंत्रें एकत्र जोडलीं: ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हें तालाचें यंत्र आणि टीबी-३०३ हें खर्जाचें यंत्र. भैरवी, ललत, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी हे दहा राग त्यांनीं डिस्कोच्या ठेक्यावर बसवून त्यांची तबकडी काढली. त्या वेळीं तिला फारसे श्रोते लाभले नाहींत. २०१० सालीं एडो बौमन नांवाच्या डच संग्राहकानें ती पुन्हां प्रसिद्ध केली, तेव्हां युरोप-अमेरिकेंतील जाणकार चकित झाले. कारण शिकागोंत १९८७ च्या सुमारास ‘ॲसिड हाउस’ म्हणून जो नाद गाजला, तो या तबकडींत पांच वर्षें आधींच ऐकूं येत होता. चरणजित सिंग २०१५ सालीं मुंबईंत वारले. उतारवयांत का होईना, युरोपांतल्या व्यासपीठांवरून त्यांना बोलावणीं आलीं.

हें कसें घडलें याचें उत्तर मींडेंत आहे. ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं हार्मोनियमला आपल्या केंद्रांतून बंदी केली व ती १९७१ पर्यंत टिकली. पेटीचे बारा स्वर पट्ट्यांना जखडलेले, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय नाहीं, हा तिच्यावरचा मुख्य आरोप. गोविंदराव टेंब्यांच्या बोटांखालीं तीच पेटी बोलत असे, ही गोष्ट निराळी. आतां टीबी-३०३ पाहा. गिटार वाजविणाऱ्याला साथीस खर्ज मिळावा म्हणून तें १९८१ च्या सुमारास निघालें. पण त्याचा आवाज गिटारच्या खर्जासारखा मुळींच नव्हता, आणि १९८४ त कंपनीनें तें बंद केलें. मात्र त्यांत ‘स्लाइड’ नांवाची एक सोय होती. ती लावली कीं स्वर तुटत नाहीं. वीज एका स्वरापासून पुढच्या स्वरापर्यंत वाहत जाते. पेटीला जें साधलें नाहीं तें या नापास यंत्राला साधलें. चरणजित सिंगांचें मुख्य सुरावटीचें काम ज्युपिटर-८ वर आहे, आणि त्यांतही स्वर असाच घसरवितां येतो.

तथापि हिला पुरी मींड म्हणणें धाडसाचें होईल. टीबी-३०३ ची प्रत्येक घसरण सारख्याच वेळांत पुरी होते. गवई मात्र एखादी मींड लांबवितो, एखादी नुसती दाखवून सोडतो. शिवाय स्वर ते बाराच. तोडीचा अतिकोमल गंधार या यंत्रांच्या नेहमींच्या जुळणींत बसत नाहीं. दहा रागांपैकीं भूपाली, कलावती, मालकंस असे पांचस्वरी राग अधिक जमतात असें वाटतें, तें बहुधा यामुळेंच.

मूळ टीबी-३०३ आज लाखांच्या घरांत विकलें जातें. पण त्याच्या स्वस्त नकला निघाल्या आहेत, आणि संगणकावर तर त्याचें सोंग हुबेहूब वठतें. भुसावळच्या तरुणानें तेथूनच आरंभ करावा. करवती आकृति निवडावी, गाळणी जवळजवळ मिटवावी, तिचा रेझोनन्स म्हणजे घुमारा बराच चढवावा आणि नाद लवकर विझूं द्यावा. सोळा मात्रांत मालकंसाचे सा, ग, म, ध, नी मांडावेत. ग, ध व नी कोमल आहेत हें विसरूं नये. गंधारावरून मध्यमावर जातांना तेवढी स्लाइड लावावी. सगळीकडे लावली तर राग घसरगुंडीवर बसल्यासारखा होतो.

जुन्या सिंथेसायझरांचे ऑसिलेटर तापले कीं स्वर सरके. भुसावळच्या वैशाखांत ते कितीदां मिळवावे लागले असते याची कल्पनाच करावी. ज्युपिटर-८ वर त्यासाठीं सूर आपोआप मिळविण्याचें बटणच होतें. संगणकावरचा ऑसिलेटर असा तापत नाहीं, म्हणून कांहीं कारागीर आतां तें सरकणें त्यांत मुद्दाम घालून देतात. तें अगदीं थोडें ठेवावें, आणि षड्ज आधीं तंबोऱ्याशीं मिळवून घ्यावा.