अहवालातला रिकामा रकाना

(कार्यकर्ते व हितचिंतक यांच्या वार्षिक प्रार्थना-मेळाव्यात दिलेला संदेश)



आपल्या तिमाही अहवालाच्या कागदावर शेवटी एक रकाना असतो, 'नवीन विश्वासणारे'. डोंगरातल्या एका पाड्यावर आपला एक कार्यकर्ता सहा वर्षे आहे. तो रात्रीचा अभ्यासवर्ग चालवतो, आजाऱ्याला मोटारसायकलवर मागे बसवून ग्रामीण रुग्णालयात नेतो, रेशनकार्डाचे अर्ज भरून देतो आणि रविवारी जे कोणी येतील त्यांच्याबरोबर वचन वाचतो. दिवाळी झाली की निम्मा पाडा वीटभट्टीवर आणि ऊसतोडीला जातो. होळीला लोक परत येतात तोवर मुले शिकलेली अक्षरे विसरलेली असतात. मागचा अहवाल देताना तो म्हणाला, "ताई, या रकान्यात चोवीस वेळा शून्य लिहिलं. देवानं मला इथं बोलावलं असं वाटायचं. आता तसं वाटत नाही."

आज मला दिलेला विषय आहे 'खचून न जाता सेवा'. मी तो त्याच्यासाठी घेते, आणि इथे बसून तो रकाना वाचणाऱ्या आपल्यासाठीही.

६ फेब्रुवारी १८१२ रोजी अमेरिकेतल्या सेलम गावी पाच तरुणांना मिशन सेवेसाठी दीक्षा देण्यात आली. त्यांतले दोघे आज मला हवे आहेत, गॉर्डन हॉल आणि अदोनिराम जडसन. एकाच दिवशी, एकाच उपासनेत त्यांच्यावर हात ठेवले गेले. जडसन ब्रह्मदेशात गेला, हॉल आपल्या मुंबईत आला.

जडसन १८१३ साली रंगूनला उतरला. पहिल्या ब्रह्मी माणसाचा बाप्तिस्मा झाला १८१९ साली. म्हणजे सहा वर्षे त्याचाही रकाना रिकामाच होता. पुढे इंग्रज-ब्रह्मी युद्धात हेर समजून त्याला बेड्या घालून कोंडले. त्याची पत्नी अ‍ॅन कडेवर तान्हे मूल घेऊन तुरुंगाच्या दाराशी अन्न पोचवत राहिली. तो सुटला, आणि १८२६ च्या ऑक्टोबरात, तो दूर असताना, ती वारली. सहा महिन्यांनी ती तान्ही मुलगीही गेली.

यानंतरचे आपण मिशनऱ्यांच्या चरित्रांत भरभर वाचून पुढे जातो, तिथे जरा थांबू या. जडसन रानात झोपडी बांधून एकटा राहू लागला. त्याने एक कबर खणली आणि तिच्या काठाशी तो बसून राही. देव आहे असे मी मानतो, पण तो मला सापडत नाही, अशा अर्थाचे त्याने लिहून ठेवले आहे. ज्याच्या नावाने आज मंडळ्या आहेत त्या माणसाचे हे शब्द! आपल्याकडे कोणी कार्यकर्ता असे बोलला तर आपण त्याच्या विश्वासाविषयी आपापसांत कुजबुज करू.

आणि याच काळात त्याच्या नजरेपलीकडे एक गोष्ट चालू होती. जडसन ब्रह्मी लोकांसाठी गेला होता. डोंगरात राहणाऱ्या करेन आदिवासींकडे त्याचे आधी लक्ष नव्हते. को था ब्यू नावाचा एक करेन कर्जापायी गुलामगिरीत पडला होता. खून आणि दरोडे यांत आयुष्य गेलेला, भयंकर तापट माणूस. त्याचे कर्ज फेडून त्याला सोडवले आणि तो मिशनच्या घरी राहू लागला. वाचायला शिकता शिकता तो बदलत गेला. १८२८ साली त्याचा बाप्तिस्मा झाला, तोही जडसनच्या नव्हे, जॉर्ज बोर्डमनच्या हस्ते. मग हा माणूस आपल्याच भाषेत, आपल्याच डोंगरांतून सुवार्ता सांगत फिरला, आणि करेन लोकांत मंडळ्या उभ्या राहू लागल्या. आपले काम आदिवासी बांधवांत आहे म्हणून हे मुद्दाम सांगते. तिथले पीक एका कर्जबाजारी आदिवासी माणसाच्या तोंडून आले.

पण थांबा. जडसनला निदान हे पाहायला मिळाले. हॉलचे काय?

हॉल १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला पोचला. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते. परत पाठवण्याचे हुकूम निघत होते. बरोबरचा सॅम्युएल नॉट आजारपणामुळे १८१५ साली परत गेला. दुसरा सोबती न्यूएल १८२१ मध्ये मुंबईतच पटकीने वारला. हॉल मराठी शिकला, बाजारात, रस्त्यावर बोलत राहिला, शाळा काढल्या, नव्या कराराच्या मराठी भाषांतरावर बसला. १८२४ साली याच मिशनने मुंबईत मुलींची शाळा सुरू केली. तेरा वर्षांत ख्रिस्ताकडे वळलेले मराठी लोक जवळजवळ नाहीतच. १८२५ मध्ये मुलांच्या आजारपणामुळे पत्नी मुलांना घेऊन अमेरिकेला निघाली. तो मागे राहिला. १८२६ च्या मार्चमध्ये तो नाशिककडे प्रवासाला गेला. तिथे पटकीची साथ होती. जवळची औषधे संपेपर्यंत त्याने वाटली, आणि परतीच्या वाटेवर २० मार्चला त्याच रोगाने काही तासांत गेला. वय ४१. मी त्या वयाच्या पुढे आले आहे, म्हणून हा आकडा मला जरा जास्तच लागतो.

त्याच १८२६ साली तो नवा करार छापून झाला. पाच वर्षांनी त्याच मिशनने अहमदनगरला ठाणे उघडले. पुढे नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाने नवा करार दिला, १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि त्यांनी याच मिशनमध्ये सेवा केली. आज आपण 'उपासना संगीत' उघडतो तेव्हा टिळकांचे गीत निघतेच. हॉलच्या मृत्यूनंतर हे सारे. आणि त्या गाडीतल्या प्रवाशाने त्या दिवशी आपल्या वहीत काय नोंदवले असेल? बहुधा काहीच नाही.

कोणी म्हणेल, रकाना भरायचाच असेल तर भरता येतो. धान्य वाटताना नावे लिहून घ्या. तसे आपण करत नाही, करणारही नाही. गोळी तापासाठी असते. ज्याला ख्रिस्ताविषयी ऐकायचे नाही त्यालाही ती त्याच हाताने, तेवढ्याच मायेने मिळाली पाहिजे. विश्वास ठेवणे न ठेवणे ज्याच्या त्याच्या मनाचे आहे आणि ते प्रभू जाणतो.

आता पवित्र शास्त्राकडे येते. १ राजे १९ वा अध्याय घरी जाऊन वाचा. एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला आहे. देवाने त्याला आधी उपदेश केला नाही. झोपू दिले. मग भाकर आणि पाणी. परत झोप, परत भाकर. सात हजारांची गोष्ट फार नंतर, तो चालून डोंगरावर पोचल्यावर. थकलेल्या सेवकाला 'तुमचा विश्वास कमी पडतो' असे सांगण्याची आपल्याला जी घाई असते, ती देवाला नव्हती.

म्हणून त्या कार्यकर्त्याला मी काय सांगितले? "भाऊ, आधी पंधरा दिवस घरी जा. आईच्या हातचं खा." पाडा तोवर भट्टीवरच होता. तो गेला, आणि परत आला आहे. रकाना अजून शून्यच आहे.

कमिटीला माझी विनंती आहे की त्या रकान्याच्या वर आणखी एक ओळ घालावी: 'या तिमाहीत कोणाबरोबर बसलात?' आणि ज्या कार्यकर्त्याला दोन वर्षांत सलग आठ दिवसांची सुट्टी मिळालेली नाही, त्याच्या जागी तात्पुरता माणूस पाठवण्याची सोय करावी. मंडळ्यांनो, तुम्ही वर्गणी पाठवता त्याबद्दल प्रभूची स्तुती असो. तिच्याबरोबर वर्षातून एक पत्रही पाठवा, कार्यकर्त्याच्या नावाने. फोन पाड्यावर लागत नाही, पत्र आम्ही पोचवू.

होळीला आता थोडेच दिवस आहेत. कुटुंबे परत येतील, अभ्यासवर्ग पुन्हा 'अ'पासून सुरू होतील. चला, उभे राहू या आणि एकेका पाड्याचे नाव घेऊन प्रार्थना करू या.