आवाज कोठवर पोचतो?



आम्ही कामगार चळवळीतली माणसे. सातवीपुढचे आमचे शिक्षण वाचनालयात आणि गिरणीच्या दारात झाले. आम्ही विमानांच्या वाहतुकीवर काय बोलणार, असे कोणाच्या मनात आले तर त्यात वावगे नाही. परंतु जुहूहून समुद्राकडे जाणाऱ्या हेलिकॉप्टरांत तेलविहिरींवरचे कामगार बसलेले असतात. 13 जानेवारी 2018 रोजी असेच एक हेलिकॉप्टर समुद्रात पडले. आतले सातही जण गेले. आवाज न पोचल्याने ते पडले, असे आम्ही म्हणत नाही. पण तेव्हापासून आम्ही हा विषय वाचू लागलो.

वैमानिक आणि नियंत्रक 118 ते 137 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. या लहरी जवळजवळ सरळ जातात, आणि पृथ्वी पडली गोल! गलबत दूर गेले की आधी अंग बुडते, मग शीड, तसेच हे. 35,000 फुटांवरचे विमान 400 किलोमीटरवरूनही ऐकू येते. 3,000 फुटांवरच्या हेलिकॉप्टरची मर्यादा सुमारे 125, हजार फुटांवर जेमतेम 70. मुंबई हाय तर किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटर. शंभर फुटी खांब उभारला तर आणखी वीसेक मिळतील. यंत्राची ताकद वाढवा, असे एक गृहस्थ आम्हांला म्हणाले. पण दिवा मोठा केला म्हणून भिंतीपलीकडे उजेड पडत नाही. रडारचीही तीच गत. प्लॅटफॉर्मवरचा रेडियोवाला ऐकतो खरा, परंतु दोन हेलिकॉप्टरांत अंतर राखणे हे त्याचे काम नव्हे.

म्हणजे उंचावरून परदेशी जाणारा उतारू कोणाच्या तरी कानात असतो. खालून कामावर जाणारा मात्र नसतो.

मग खांब समुद्रातच का नसावा? मेक्सिकोच्या आखातात अमेरिकेने तेच केले. पूर्वी तेथे ढगाळ हवेत एकेका हेलिकॉप्टरासाठी समुद्राचा मोठा चौकोन मोकळा ठेवावा लागे. 2006 साली करार झाला: प्लॅटफॉर्मवर जागा, वीज आणि यंत्रे नेण्या-आणण्याची सोय उद्योगाने द्यायची, यंत्रे सरकारची. डिसेंबर 2009 पासून ह्यूस्टनचे नियंत्रक त्या खालच्या हेलिकॉप्टरांना पाहू-ऐकू लागले.

आम्ही वेतनकरारांत चहाच्या कपाचे मापसुद्धा लिहवून घेतले आहे. आपला माणूस किती फुटांवरून जाणार आणि तेथे त्याला कोण ऐकणार, हे मात्र कधी विचारले नाही. पुढच्या मागणीपत्रात ते पहिले कलम घालणार आहोत.