निवडून दिलेल्यास माघारीं बोलावण्याचा हक्क
(शेतकरी व कारागीर बांधवांच्या सभेंत केलेलें भाषण)



सुगींत आपण खळ्यावर राखणदार ठेवतों. त्यानेंच रातोरात धान्य विकलें, तर साल सरेपर्यंत त्याला कोणी ठेवीत नाहीं. पण शेजाऱ्यानें कागाळी केली, एवढ्यावरून त्याला कोणी हांकलूनहि देत नाहीं. आधीं रास मोजतों, चार माणसांसमक्ष जाब विचारतों, आणि मग निकाल करतों. आमदार-खासदार हेहि आपलेच राखणदार. पण त्यांना मध्येंच काढण्याचा अधिकार मतदाराला नाहीं.

कायदा मुळींच नाहीं असें नव्हे. १९५१ च्या कायद्यान्वयें दोन वर्षें वा अधिक कैदेची शिक्षा झाली कीं जागा जाते. नुसतें अपील करून जागा राखण्याची जी सवलत होती, ती सुप्रीम कोर्टानें २०१३ साली रद्द केली. पक्ष बदलणारांसाठीं १९८५ चा कायदा आहे. तेथें निकाल सभागृहाचा अध्यक्ष देतो. म्हणजे कोठें न्यायाधीश बोलतो, कोठें अध्यक्ष बोलतो. ज्यानें मत दिलें त्याला मात्र कोणी विचारीत नाहीं. १९७४ साली सी. के. चंद्रप्पन यांनीं असा हक्क मागणारें विधेयक लोकसभेंत मांडलें होतें. तें मंजूर झालें नाहीं.

आतां ब्रिटनकडे पाहूं. तेथें २००९ साली पार्लमेंटच्या सभासदांनीं सरकारी पैशानें भलतेच खर्च भागविल्याचें उघड झालें आणि लोक खवळले. पुढें २०१५ साली माघारीं बोलावण्याचा कायदा झाला. त्यांत तीन कारणें सांगितलीं आहेत: सभासदाला कैदेची शिक्षा होणें, सभागृहानें त्याला बैठकीचे निदान दहा दिवस निलंबित करणें, किंवा खर्चाचा खोटा हिशेब दिल्याचा गुन्हा शाबीत होणें. यांपैकीं एक घडलें, कीं त्या मतदारसंघांत सहा आठवडे अर्ज सहीसाठीं खुला राहतो. शेंकडा दहा मतदारांनीं सही केली कीं जागा रिकामी होते व पुन्हां निवडणूक लागते. काढलेल्या माणसालाहि तींत उभें राहतां येतें.

हा कायदा कसा चालला? २०१८ साली उत्तर आयर्लंडांतील इयान पेस्ली यांना परक्या सरकारच्या खर्चानें केलेले प्रवास न कळविल्याबद्दल तीस दिवस निलंबित केलें. पण सह्या शेंकडा ९.४ च झाल्या व त्यांची जागा राहिली. २०१९ साली वेल्समधील ख्रिस डेव्हिस यांच्याविरुद्ध खर्चाच्या खोट्या कागदांवरून शेंकडा १९ सह्या झाल्या. ते पुन्हां उभे राहिले आणि पडले. एकीकडे मतदारांनीं राखलें, दुसरीकडे काढलें. दोन्हीकडे शेवटचा शब्द मतदाराचा होता.

बांधवांनो, त्या तीन कारणांचें महत्त्व आम्ही मुद्दाम सांगत आहों. कारण शाबीत झाल्याशिवाय सह्या गोळा करण्याची मोकळीक दिली, तर हा हक्क थैलीवाल्याच्या हातीं जाईल. ज्याच्याजवळ पैसा, त्याच्याजवळ सह्या. मग पहिला बळी लांचखाऊ जाणार नाहीं. सावकाराला, ठेकेदाराला आडवा येणारा गरिबाचा प्रतिनिधि जाईल. म्हणून आधीं दोष शाबीत व्हावा, आणि मग कौल मतदारानें द्यावा. हा क्रम उलटूं देऊं नये.

आपल्या महाराष्ट्रांत या हक्काचा एक लहानसा अंश गांवापुरता आलेला आहे. जनतेनें थेट निवडलेल्या सरपंचावर पंचायतीच्या तीनचतुर्थांश सभासदांनीं अविश्वास दाखविला, तरी तेवढ्यानें तो जात नाहीं; ग्रामसभेनें गुप्त मतदानानें त्यास मान्यता द्यावी लागते. म्हणजे शेवटचा कौल गांवाचा! पण ग्रामसभेला आपण जातों किती? हिशेबाची वही मागतों कितीजण? बायांना बरोबर नेतों कितीजण? गांवचा हक्क जो वापरीत नाहीं, त्याला मुंबई-दिल्लीचा हक्क कोण देणार?

म्हणून आमचें सांगणें दोनच गोष्टींचें. पुढच्या ग्रामसभेला घरटी निदान एक पुरुष व एक बाई हजर राहावी आणि खर्चाचा हिशेब वाचून घ्यावा. आणि निवडणुकींत जो मत मागण्यास दारांत येईल, त्याला चार लोकांसमक्ष विचारावें: "तुमचा दोष शाबीत झाला, तर आम्हांला तुम्हांस माघारीं बोलावतां येईल, अशा कायद्याला तुम्ही हात वर कराल काय?" उत्तर काय येतें तें सर्वांनीं ऐकावें, आणि मग मत द्यावें.