हिशेबाचा धागा



वागळे इस्टेट असो वा डोंबिवलीची एमआयडीसी, कामगाराच्या ग्रॅच्युइटीचा हिशेब आज संगणकावर एक्सेलच्या वहीत होतो. पुष्कळदा ही वही वेतनाचा आकडा दुसऱ्या वहीतून घेते. तो धागा तोडण्यासाठी मॅक्रो लिहितात. ‘लिंकसोर्सेस’ धाग्यांची यादी देते. ‘ब्रेकलिंक’ धागा तोडते. सूत्र जाते, आकडा उरतो.

मॅक्रो अडतो कोठे? धागाच नसला तर यादी रिकामी येते आणि ती मोजू जाताच काम थांबते. म्हणून यादी आधी तपासावी. पानाला कुलूप असेल तर ते काढावे. तरीही इशारा येत राहिला, तर धागा नावे दिलेल्या रकान्यांत किंवा नोंदींच्या अटींत दडलेला असतो.

पण आमची खरी चिंता निराळी आहे. तोडलेला धागा मागे घेता येत नाही. जुने वेतन तसेच गोठले तर? १९७२ च्या कायद्याने घालून दिलेला हिशेब असा: मासिक वेतनाला २६ ने भागून १५ ने गुणावे, मग नोकरीच्या वर्षांनी. वेतन १०० रुपयांनी कमी धरले, तर २६ वर्षांच्या नोकरीला १,५०० रुपयांची खोट बसते.

म्हणून आम्ही म्हणतो: आधी आकडे ताजे करा, मूळ वहीची प्रत ठेवा, मगच धागा तोडा. घामाच्या पैशाला साक्षीदार हवाच.