आजीचं नाव कुठं शोधायचं?

(गडमुडशिंगी, ता. करवीर येथे महिलांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मघाशी ओळख करून देताना प्रत्येकीनं आपलं नाव सांगितलं, मग नवऱ्याचं, मग आडनाव. मी विचारलं, आईच्या आईचं नाव काय? निम्म्या जणींना आठवलं. तिच्या आईचं? तर सगळ्या हसायला लागल्या. सासरच्या चार पिढ्यांतल्या पुरुषांची नावं मात्र तुम्हाला तोंडपाठ आहेत.

आपल्या भागात हेळवी येतो. घराण्याची वंशावळ वाचून दाखवतो, नव्यानं जन्मलेल्यांची नावं लिहून घेतो, धान्य-पैसे घेऊन पुढच्या गावाला जातो. लहानपणी एकदा त्याचं वाचन संपल्यावर मी विचारलं, “माझं नाव लिहिलंसा का?” आजी म्हणाली, “पोरीचं नाव तिच्या सासरच्या वहीत.” पुढं लग्न झालं, सासरी हेळवी आला. तिथल्या वहीत मुलगे होते, नातू होते, सून नव्हती. सून परक्या घरची ना! एका वहीत नाही कारण जाणार, दुसरीत नाही कारण आलेली.

२०२३ साली कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली तेव्हा गावोगावी मोडीतले कागद बाहेर आले, मोडी वाचणाऱ्यांना कधी नव्हे तो मान मिळाला. त्यात काही गैर नाही. पण जो तो पणजोबा शोधत होता. पणजीची गरज कुणाला पडली नाही, कारण दाखला बापाकडूनच येतो.

मी आईच्या आईला शोधायचं ठरवलं. कागदावर ती मला एकाच ठिकाणी भेटली. तिच्या माहेरच्या गावी तलाठ्याकडच्या जुन्या फेरफारात. सन १९६१. वडील वारले, वारस म्हणून दोन भाऊ आणि ही. खाली लिहिलंय, बहिणीने आपला हक्क भावांच्या लाभात राजीखुशीने सोडला, निशाणी डाव्या हाताचा अंगठा. १९५६ साली हिंदू वारसा कायदा आला, बापाच्या मिळकतीत मुलगी वारस झाली, म्हणून तर अंगठा घ्यावा लागला. कायदा नसता तर तिचं नाव कागदावर आलंच नसतं. आलं ते काढून टाकण्यापुरतं.

आमच्या घरात ही गोष्ट फार अभिमानानं सांगतात. आजीचं मन मोठं, चोळी-बांगडीवर भावांना सगळं देऊन टाकलं. मीही तसंच लिहून काढलं होतं. मग आजीच्या धाकट्या बहिणीकडं गेले. तिच्या वाट्याला काय आलं ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. शेंगा फोडत बसलो होतो. ती म्हणाली, “मन मोठं कसलं गं? कडंला एक पोर, पोटात एक. भाऊ म्हणाला, अंगठा दे, न्हाईतर हितनं फुडं पंचमीला न्यायला येनार न्हाई.”

आता खरं काय? आईचं की हिचं? मी दोन्ही लिहिलं, कोण काय म्हणालं ते जसंच्या तसं. राजीखुशी हा शब्दही ठेवला. तो कारकुनाचा आहे, आजीचा नाही, एवढं मात्र सांगितलं.

विचारायला जाल तेव्हा “तुमचं आयुष्य सांगा” असं म्हणू नका. म्हाताऱ्या म्हणतात, “माझं काय सांगायचं बाई, रांधलं आणि राबले.” हाताला काम असताना विचारा, पुरुष घरात नसताना विचारा. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना शोधत फिरल्या, त्यांच्याशी बोलल्या, तेव्हा कुठं १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक झालं. त्या गेल्या नसत्या तर कितीतरी जणी आठवणींसकट गेल्या असत्या.

आणि भांडी बघा. माळ्यावरची, मोडीत घालायला काढलेली. लग्नात भांड्यावर नाव घालून देतात. आमच्याकडं एक पितळी घागर होती, आई तिच्यात कोंडा ठेवायची. चिंच लावून घासली तर काठावर ठोकून काढलेली अक्षरं. एक बाईचं नाव, पुढं गाव. गाव आजीच्या माहेरचं, पण नाव अनोळखी. आईला विचारलं, तिलाही माहीत नाही. धाकट्या आजीनं नुसतं ऐकलं आणि म्हणाली, “अगं, ती आक्काच की!” लग्नात आजीचं नाव बदललं होतं. आईला स्वतःच्या आईचं पाळण्यातलं नाव वयाच्या साठीनंतर कळलं. त्या दिवशी तिनं घागर देवघराशेजारी ठेवली. कोंडा पत्र्याच्या डब्यात गेला.

हे सगळं लिहिताना अंगठ्यापाशी मात्र माझा हात थांबला, तो महिनाभर. कारण सांगते. १९९७ साली मीही भावाला हक्कसोड करून दिलंय. अंगठा नाही, सुवाच्य सही. तेव्हा मी पदवीधर होते, मोर्चात घोषणा देत होते. महाराष्ट्रानं १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला होता, हे मी दुसऱ्या बायकांना समजावून सांगत होते. भावानं धमकी दिली नव्हती. आई एवढंच म्हणाली, “तुझं माहेर राहू दे.” आजीवर अन्याय झाला असं लिहिणं सोपं होतं. माझ्या सहीला काय म्हणायचं? ते पान मी अजून तीनदा लिहिलंय, आणि अजून मनासारखं झालेलं नाही. भावाला वाचायला दिलं. तो काही बोलला नाही, पण त्या वर्षी पंचमीला आला.

घरच्यांना काय वाटेल, हे तुम्ही विचारणारच. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी दुकान सांभाळत लिहिलं आणि वह्या घरच्यांपासून कैक वर्षं लपवून ठेवल्या. ‘जिणं आमुचं’ पुस्तक म्हणून १९८६ साली आलं. सगळं आजच छापायचं नसतं. जी हयात आहे तिला विचारल्याशिवाय तिची गोष्ट लिहू नका. टाकलेली म्हणून जिनं उभा जन्म ऐकून घेतलं, तिला पुन्हा छापील टाकू नका. नाव बदला, गाव बदला, पण तिनं सोसलं ते सौम्य करू नका.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातलं नाव घातलेलं एक भांडं आणा. रिकामं आणलं तरी चालेल. आणि येताना घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला हाताला धरून आणा, वाचायला आपण आहोत, ओळखायला ती पाहिजे.