वृद्धांच्या हातीं कातर

फ्रेंच चित्रकार आंरी मातीस यांच्यावर १९४१ सालीं, वयाच्या ७१ व्या वर्षीं, पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली. चित्रफलकापुढें उभें राहणें कठीण झालें, तेव्हां त्यांनीं कातर हातीं घेतली. मदतनीस कागद रंगवून देत, मातीस आकार कापीत, आणि ते सांगतील तेथेंच तुकडा भिंतीवर टांचला जाई.

वृद्धाश्रमांतील कलोपचाराचें मर्म येथेंच आहे. तेथें जेवण, औषध, निजणें, सर्वांची वेळ बहुधा दुसरेच ठरवितात. थरथरत्या हाताला जाड दांड्याचा कुंचला द्यावा, कागद मेजाला चिकटवावा. पण निळा कीं पिवळा, हें त्या वृद्धानेंच ठरवावें. चित्र नीटनेटकें दिसावें म्हणून स्वतः रेघ ओढणारी परिचारिका, हेतु चांगला असला तरी, उरलासुरला अधिकारहि काढून घेते.

मातीस यांच्या कात्रणचित्रांवरून छापलेलें ‘जाझ’ हें पुस्तक १९४७ सालीं निघालें. त्यानंतरहि त्यांची कातर कित्येक वर्षें चालूच होती.