रक्तदान : एका दिवसाचे नव्हे, वर्षभराचे



जळगाव जिल्ह्यातील चोपडा, यावल, रावेर आणि धुळे जिल्ह्यातील शिरपूर या तालुक्यांचा उत्तर भाग सातपुड्याच्या कुशीत आहे. तेथील पाड्यावरून अडलेली स्त्री रुग्णालयात पोहोचेपर्यंत मोलाचा वेळ जातो. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली, हा मोठाच आधार. परंतु प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव काही तासांतच प्राण घेतो. ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन वेळेवर मिळाल्यास गर्भाशय आकुंचन पावून तो पुष्कळदा थांबतो. न थांबल्यास रक्तच लागते, आणि ते कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही.

महावीर जयंतीस रक्तदान शिबिरे उत्साहाने भरतात. मात्र साठविलेले रक्त ३५ ते ४२ दिवसच टिकते. चैत्रातले रक्त भाद्रपदात, नाले भरून पाड्यांच्या वाटा अडतात तेव्हा, उपयोगी पडत नाही. नेमके तेव्हाच पर्युषण असते, आणि उपवास करणाऱ्याने रक्त देऊ नये हेही खरेच! पुरुषास तीन व स्त्रीस चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते. तेव्हा ट्रस्टने रक्तगटवार यादी करून दात्यांच्या पाळ्या वर्षभर लावाव्यात. पर्युषणाच्या पाळ्या उपवास नसणाऱ्या तरुणांनी उचलाव्यात. औषधदान आणि अभयदान येथे एकत्र येतात. निगेटिव्ह गटाचे दाते मोजकेच असतात; त्यांचे दूरध्वनी क्रमांक रक्तपेढीकडे आधीच नोंदवून ठेवावेत.